धागा: गावात मुलीच कमी, की मुलींना गाव नको?

कडबाकुट्टी | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, विषय घरचा आहे, पण आकड्यांचाही आहे, म्हणून इथे काढतोय.

मी पुण्यात नोकरीला, गाव बीड जिल्ह्यात. तालुका सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. गेल्या रविवारी चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोरगा ३२ वर्षांचा, बी.ए., चार एकर, बोअरला पाणी, दोन म्हशी, तंबाखूसुद्धा खात नाही. पोहे आले, चहा आला, मुलगी काही आली नाही. मुलीचे वडील म्हणाले, "पाव्हणं, पगार सुरू झाला की फोन करा." वडील स्वतः शेतकरी!

परत येताना मारुतीच्या पारावर बसलो. मी आणि भावाचे दोन मित्र बोटं मोडत होतो. तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची पोरं किती? आमच्या तीनशे-सव्वातीनशे उंबऱ्यांच्या गावात ३७ निघाली. शेवटी एकानं आम्हा तिघांकडे बोट केलं आणि आकडा चाळीसवर नेला. (हो, मीपण त्यातच.)

पारावरचं एकमुखी मत असं, की पोटातच मुली मारल्या, आता भोगा. २०११च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. त्याआधी २००१ला ८९४ होत्या. दहा वर्षांत एवढी घसरण! डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात घोड्यावर बसून, बँड लावून नवरदेवांचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेला, तेव्हा आपण सगळे हसलो होतो. आता हसू येत नाही.

पण एक खटकतंय. शेजारच्या गावातला पोलीस भरती झालेला पोरगा सहा महिन्यांत बोहल्यावर चढला. मग मुली नाहीत, की आम्हाला नाहीत?

---

मधल्या_आळीतला | शनिवार, रात्री ११:२५

कुट्टीभाऊ, सहानुभूती आहे. पण मुली कमी असल्या तर रत्नागिरीला या. २०११ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका. शेजारी सिंधुदुर्गात १०३६. कोकणात बाईमाणसाला मान आहे हो!

---

गणपतीला_येणार | शनिवार, रात्री ११:५८

आळीतले, मीही तिथलाच, पण ही फुशारकी नको. ११२२ मधले गायब बाप्ये कुठे होते सांगू? परळला, नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला. माझे आजोबा गिरणीत, वडील गोदीत, मी अंधेरीत. आमच्या घरात तीन पिढ्या जनगणनेचा माणूस यायचा तेव्हा आजी, आई, काकू आणि पोरं एवढेच दिसायचे. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ बायका होत्या. आमच्याकडची वजाबाकी तिकडे बेरजेत. त्याला मान नाही म्हणत, मनीऑर्डर म्हणतात. शून्य ते सहा वयोगट काढलात तर रत्नागिरीही हजाराच्या आतच.

दमण-दीव बघा, २०११ला ६१८. तिथे काय मुली जन्मतच नाहीत? कारखाने आहेत, बिहार-उत्तर प्रदेशातून एकटे पुरुष येऊन खोल्या करून राहतात. कतारमध्ये तर बाईमागे साधारण तीन पुरुष, तेही याच कारणाने.

---

शंकेखोर | रविवार, सकाळी ८:१५

पण आता देशात बायकाच जास्त झाल्या ना? १०२० आकडा पेपरात पहिल्या पानावर होता.

---

बाकी_शून्य | रविवार, सकाळी ९:३०

तो २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला. जनगणना नव्हे. त्यात आदल्या रात्री घरात कोण होतं ते मोजतात. बांधकामावरचा, हॉस्टेलवरचा, बराकीतला पुरुष त्यात येतच नाही. शिवाय म्हाताऱ्या बायका म्हाताऱ्या पुरुषांपेक्षा जास्त जगतात, त्याही या १०२० मध्ये. त्याच सर्वेक्षणात आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचा आकडा आहे, हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. तो शेवटच्या पानावरही नव्हता.

एक खुलासा करून ठेवतो, कारण धाग्यात पुढे घोळ होणार. आपल्याकडे हजार पुरुषांमागे बायका मोजतात, बाहेर बहुतेक ठिकाणी शंभर मुलींमागे मुलगे. कुणी काही केलं नाही तरी जगभर शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. आपल्या भाषेत हजाराला ९५० च्या आसपास. म्हणजे "हजाराला हजार झाले पाहिजेत" ही भाषणातली मागणी निसर्गाचीसुद्धा नाही. मुलगे बाळपणी जरा जास्त दगावतात, मग विशी-तिशीपर्यंत जवळजवळ बरोबरी होते.

हे नवीन शोधलेलं नाही. १७१० मध्ये जॉन अर्बथनॉट नावाच्या डॉक्टरनं लंडनच्या बाप्तिस्म्याच्या ८२ वर्षांच्या नोंदी काढल्या. ८२ पैकी ८२ वर्षं मुलगे जास्त. नाणं सलग ८२ वेळा छापा पडावं तसं. त्यानं निष्कर्ष काढला की ही देवाचीच योजना, पुरुष युद्धात-समुद्रात मरतात म्हणून जादा पाठवतो. हिशोब चोख, निष्कर्ष त्या काळाचा.

खरं कारण थोडं आणखी साधं आहे. रोनाल्ड फिशरनं १९३०च्या पुस्तकात मांडलं. प्रत्येक लेकराला एक आई आणि एकच बाप. समजा मुली कमी झाल्या, तर दरडोई मुलीला लेकरं जास्त. मग ज्यांना मुली जास्त होतात त्यांना नातवंडं जास्त, आणि मुली होण्याचा कल वाढतो. उलट झालं तरी तेच. काटा पुन्हा मध्ये येतो. फक्त हे हजारो वर्षांचं काम आहे, बीडच्या वरपित्याला उपयोग नाही.

---

स्पष्ट_बोलतो | रविवार, सकाळी १०:०५

मूळ प्रश्नाकडे या. गावाकडे मुलगा होईस्तोवर थांबत नाहीत. चार मुली, पाचवा मुलगा, की मग ऑपरेशन. त्यामुळे प्रमाण बिघडतं. डॉक्टरांना उगाच बदनाम करता.

---

बाकी_शून्य | रविवार, सकाळी १०:५०

नाही बिघडत. वहीत मांडा. हजार घरं घ्या, प्रत्येकाचा पण एकच, मुलगा झाला की बस. पहिल्या खेपेला अंदाजे ५०० मुलगे, ५०० मुली. मुलगे झालेली घरं थांबली. उरलेल्या ५०० घरांत दुसरी खेप, २५० मुलगे, २५० मुली. मग १२५-१२५. पुढे तसंच. प्रत्येक ओळीत बरोबरी, तर बेरजेत बिघाड कुठून येणार? पोटातल्या बाळाला आधीच्या बहिणी मोजता येत नाहीत.

बदलतं ते वेगळंच. मुली मोठ्या कुटुंबांत साठतात, मुलगे लहान कुटुंबांत. शेवटचं अपत्य नेहमी मुलगा. तेवढ्याच भाकरीत जास्त तोंडं, आणि ती तोंडं मुलींची. २०१७-१८च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात शेवटच्या अपत्यावरून असा हिशोब काढला होता, की देशात २ कोटी १० लाख मुली 'नको असताना' झालेल्या. त्या जिवंत आहेत, आकड्यात आहेत, प्रमाण बिघडवत नाहीत.

प्रमाण बिघडायला कुणीतरी हात घालावाच लागतो. जन्मानंतर आबाळ, नाहीतर जन्माआधी सोनोग्राफी.

---

गणपतीला_येणार | रविवार, सकाळी ११:२०

साताऱ्याच्या 'नकुशा' त्यातल्याच. २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं शोधल्या तर २८५ निघाल्या. समारंभ करून नावं बदलली. नाव ठेवतानाच आईबापांनी देवाला निरोप पाठवलेला, आता पुरे. पण त्या जन्मल्या तरी. पुढच्या पिढीत दोनच हवीत म्हटल्यावर नकुशीला जागाच उरली नाही.

---

निवृत्त_सिस्टर | रविवार, दुपारी ३:१०

मी मराठवाड्यात उपकेंद्रावर एएनएम होते, ३१ वर्षं. टायपिंग हळू आहे, संभाळून घ्या.

बाकी शून्य दादांचं गणित बरोबर आहे. आम्हाला ते वहीत मांडायची गरज पडली नाही, आमची वहीच होती. बाईला दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात नाव लिहायचं. कितवी खेप, जिवंत मुलं किती, मुलगे किती, मुली किती. मग दर महिन्याला लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, वजन. पाचव्या महिन्यात एखादी यायचीच बंद व्हायची. घरी गेलं की सासू दारात. "पडलं ओ सिस्टर. धुणं धुताना पाय घसरला." बाई आत भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मी रजिस्टरला 'गर्भपात' लिहायची, शेऱ्यात 'घसरून पडली'.

एकदा पावसाळ्यात वीज गेलेली, कंदिलाशी बसून तीन वर्षांची रजिस्टरं पुढ्यात घेतली. घसरून पडलेल्या सगळ्या बायांना आधीच्या मुलीच. पहिलटकरीण कुणी घसरली नव्हती. आधीचा मुलगा असलेलीही कुणी नाही. ओढ्यावरचा दगड एकच, धुणं सगळ्या गावाचं, आणि पाय मुलींच्या आयांचेच कसे घसरतात?

वरती कळवलं का, विचाराल. कळवलं. "तुमचं काम लसीकरण" असं उत्तर मिळालं. साहेबांचं नाव घेत नाही, आता नातवंडं खेळवत असतील.

तपासणी कुठे व्हायची ते सगळ्या एसटी स्टँडला माहीत होतं. भिंतीवर पाटी 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही', आणि डॉक्टर तोंडातून ब्र काढत नसे. बाहेर फी घेणारा पोरगा म्हणायचा, "काका, पेढ्याचं बघून ठेवा," नाहीतर "जिलेबी चालंल का?" पेढे म्हणजे मुलगा, जिलेबी म्हणजे मुलगी. बारशाची मिठाई कोडवर्ड झाली. मी अजून जिलेबी खात नाही.

---

शंकेखोर | रविवार, दुपारी ४:००

ताई, वाचून सुन्न झालो. पण कायदा होता ना?

---

निवृत्त_सिस्टर | रविवार, दुपारी ४:४५

होता की. देशात पहिला आपल्याच राज्याचा, १९८८चा. मुंबईतल्या बायकांच्या आणि डॉक्टरांच्या गटांनी रेटला म्हणून झाला. केंद्राचा १९९४चा, लागू १९९६ पासून. त्याआधी तर "आज पाचशे खर्चा, उद्याचे पन्नास हजार वाचवा" अशा उघड जाहिराती होत्या. वाचवायचे म्हणजे हुंड्याचे. मग कोर्टकज्जे होऊन २००३ला कायदा कडक केला. तेव्हापासून प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला 'एफ' फॉर्म भरावा लागतो. फॉर्म भरले जायचे. फॉर्ममध्ये पेढे-जिलेबीचा रकाना नाही.

---

बाकी_शून्य | रविवार, संध्याकाळी ६:३०

सिस्टरताईंना जे कंदिलाशी दिसलं ते २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात देशाच्या पातळीवर छापून आलं. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या जन्मातलं प्रमाण १९९० मध्ये हजाराला ९०६ होतं, २००५ मध्ये ८३६. पहिला मुलगा असेल तर अशी घसरण नाही. हा प्रकार शिकलेल्या आणि पैसेवाल्या घरांत जास्त, असंही त्यात निघालं. पश्चिम महाराष्ट्रात वेगळं काय होतं? २००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात कोल्हापूर ८३९, बागायती जिल्हा. ऊस, दूध, सोनोग्राफी मशीन, सगळंच तिकडे आधी पोचलं. मराठवाड्यात दहा वर्षांनी.

आता कडबाकुट्टींचा प्रश्न, कारण तो कुणीच सोडवला नाही. आजचा ३२ वर्षांचा मुलगा २००१च्या जनगणनेच्याही थोडा आधीचा. त्याच्या जोडीच्या मुली २००१ला शून्य ते सहामध्ये होत्या त्यातल्या. तेव्हा तुमच्या जिल्ह्यात ८९४. नैसर्गिक ९५० धरले तर हजारात पन्नास-साठ कमी. म्हणजे सरासरी वीस मुलग्यांत एकाला जोडीदार जन्मलीच नाही. तुमच्या पारावर निघाले चाळीस. एवढे सगळे काही गर्भपाताच्या खात्यावर घालता येत नाहीत.

दुसरं, नवरा चार-पाच वर्षांनी मोठा हवा ही आपली रीत. जन्म घटत असले की प्रत्येक धाकटी पिढी लहान, म्हणजे खाली बघणाऱ्या नवऱ्यांना मुली आणखी कमी. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाची मुलंच एकूण संख्येने घटली.

आणि ८०७? ती पिढी २०११ला शून्य ते सहाची, आज चौदा ते एकवीसची. त्या पिढीतले मुलगे अजून कॉलेजात गॅदरिंगला नाचतायत. त्या हजारांत दीडशेच्या आसपास मुली कमी आहेत, सातात एक. ती रांग अजून तुमच्या पारावर यायचीच आहे. आज बसलेत ते निवडीमुळे जास्त, तुटवड्यामुळे कमी.

---

कडबाकुट्टी | रविवार, रात्री ८:२०

हे वाचून मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "म्हंजे आत्ता हाय ते ट्रेलर?"

निवडीचं पटतंय. वर्गात माझ्याबरोबर अकरा मुली होत्या. दहा पुण्या-चाकणला गेल्या, एक आहे जवळ, तिचा नवरा शिक्षक. शेतकऱ्याच्या मुलीला शेतकरी नको, कारण आईची कंबर तिनं पाहिली आहे. तिला दोष कसा देऊ?

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर आणखी अवघड. मुकादम उचल देतो कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा पोरगा गेला तर अर्धा कोयता, अर्धी उचल. लग्न नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून लग्न नाही. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगी उजवतात, जोडी पुरी करायला. मुली कमी झाल्या की हे थांबेल म्हणणाऱ्यांनी एकदा फडावर यावं.

---

स्पष्ट_बोलतो | रविवार, रात्री ९:००

तरी बाजाराचा नियम आहेच. वस्तू कमी झाली की किंमत वाढते. मुली कमी झाल्या तर हुंडा बंद, मुलींना मान. बघा दहा वर्षांत.

---

निवृत्त_सिस्टर | रविवार, रात्री ९:३५

भाऊ, किंमत वाढते खरी. ती मिळते कुणाला, ते बघा. हरियाणात बाहेरून आणलेल्या बायकोला 'मोलकी' म्हणतात, मोल देऊन आणलेली. मोल एजंटानं घेतलं, बापानं घेतलं. तिला मिळालं ते नाव. आपल्याकडेही दीड-दोन लाख देऊन आणलेली नवरी तिसऱ्या दिवशी दागिने घेऊन पळाल्याच्या बातम्या येतात, आणि सगळे नवऱ्याला हसतात. ती कुणी तिकडे पाठवली होती, हे कुणी विचारत नाही.

---

हान_नदीकाठी | सोमवार, पहाटे ५:१०

उशिरा आलो. सात वर्षं दक्षिण कोरियात आहे, ऑफिसात याच विषयावर जेवणाच्या सुट्टीत बोलणं झालं होतं म्हणून लिहितो.

१९९० मध्ये इथे शंभर मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मले. आपल्या मापात ८५८. ते वर्ष त्यांच्या पंचांगात पांढऱ्या घोड्याचं, त्या वर्षीची मुलगी नवऱ्याला भारी पडते अशी समजूत. (आपली मंगळाची पत्रिका आठवा.) तिसऱ्या अपत्याला तर त्या काळात मुलगे मुलींच्या जवळपास दुप्पट. लिंगनिदानबंदी १९८७ची, तरी तीन वर्षांनी हे. साधारण २००७ पर्यंत आकडा १०६ च्या आसपास, जवळपास नैसर्गिक.

बदललं काय? माझी सहकारी म्हणते, घराण्याची वही. पूर्वी कायद्यानं कुटुंबप्रमुख पुरुषच, मुलगी लग्न झालं की बापाच्या नोंदीतून नवऱ्याच्या नोंदीत. ती पद्धत २००५ला रद्द ठरली, २००८ पासून बंद. पण त्याआधीच बायका नोकरीला लागल्या होत्या, निवृत्तिवेतन आलं होतं, म्हातारपणी सुनेपेक्षा लेक बरी असं लोक उघड म्हणू लागले होते. आता तिच्या आईच्या मैत्रिणी मुलगीच हवी म्हणतात. २०२४ मध्ये कोर्टानं बाळाचं लिंग ३२ आठवड्यांआधी सांगायची बंदीसुद्धा काढली, गरज उरली नाही म्हणून.

मात्र नव्वदच्या आसपासचे ते मुलगे आज पस्तिशीत आहेत आणि खेड्यातले बरेच जण व्हिएतनामहून बायको आणतात. जन्मांचा आकडा सुधारला म्हणून त्यांना कुणी मागे जाऊन बहीण देऊ शकत नाही.

---

शंकेखोर | सोमवार, सकाळी ९:४०

आमच्या तालुक्यातल्या एका गावाची बातमी आहे, "मुलींचा जन्मदर १६६७, गाव ठरले आदर्श". सरपंचांचा सत्कार. मग काही ठिकाणी सुधारतंय म्हणायचं ना?

---

बाकी_शून्य | सोमवार, सकाळी १०:१५

जन्म किती होते विचारा. १६६७ म्हणजे २५ मुली, १५ मुलगे असले तरी पुरे. चाळीस जन्मांत कुणी काहीही न करता एखाद्या वर्षी १४ मुली येतील, एखाद्या वर्षी २५. पहिल्या वर्षी सरपंचांना नोटीस, दुसऱ्या वर्षी शाल-श्रीफळ. गावाचं बघायचं तर दहा-पंधरा वर्षं एकत्र करा. आणि २०२१ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ला, म्हणून सगळे अजून २०११वरच भांडतोय.

---

कडबाकुट्टी | सोमवार, दुपारी १:०५

मग मीच करतो. ग्रामसेवकांना फोन केला, जन्मनोंदी २०१० पासूनच्या बघायच्यात म्हटलं. ते म्हणाले, "कुणाचा दाखला काढायचाय?" कुणाचाच नाही म्हटल्यावर जरा घाबरले.

---

निवृत्त_सिस्टर | सोमवार, दुपारी १:४०

बाळा, नुसती जन्मनोंद बघून अर्धंच कळेल. उपकेंद्राच्या सिस्टरला भेट, कितवी खेप आणि आधी काय होतं, तेवढे दोनच रकाने उतरवून दे म्हण. नावं मागू नको, ती देणार नाही आणि देऊही नये. दुसऱ्या खेपेचे दोन गठ्ठे कर, आधी मुलगी असलेले आणि आधी मुलगा असलेले. आणि जाताना पेढे नेऊ नकोस, गैरसमज होईल.

---

कडबाकुट्टी | सोमवार, दुपारी १:५२

चिवडा नेतो, ताई. ग्रामसेवकांनी गुरुवारी बोलावलंय. भावाला पण घेऊन जातोय, तसाही घरी बसून काय करणार.